रेखाच्या नावानं दिलेलं रक्त

मी शालन. मूळची राजगुरुनगरच्या वरच्या अंगाची, आमी त्याला अजून खेडच म्हनतो. माहेरी बटाटा आन् कांदा, आमी चार बहिनी आन् भाऊ शेवटचा, म्हंजे आमा चौघींचा नंबर का लागला त्ये तुमी समजून घ्या. दहावीला गनितात गेले, मग काय, लग्न. सासर चाकनच्या बाजूला. सासरची जमीन थोडी रस्त्यात गेली, थोडी कंपनीत गेली, आन् मग त्याच बाजूच्या कंपनीत मी गेले कामाला. आमचे हे टेम्पो चालवतात. मानूस शांत, तोंडाळ मीच. ह्यांना इचाराल तर म्हनतील हिच्या तोंडाला सायलेन्सर बसवायचा राहिला. पन एक सांगते ताई, ज्या दिवशी बोलायला पायजे व्हतं त्या दिवशी ह्याच तोंडाला कुलूप लागलं, आन् आता किती बी बडबडले तरी काय उपेग.

तर काम. गाडीच्या पोटात वायरींचा जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हनतात. मोठ्या बोर्डावर वायरी मांडायच्या आन् काळी टेप गुंडाळत जायचं. बोर्ड पट्ट्यावर फिरत असतो, त्यो कुनासाठी थांबत न्हाई. उभ्यानं आठ तास, ओव्हरटाइम लागला तर बारा. आता बाईमानसाची एक गोष्ट सांगते, लिहून घ्या, लाजू नका. बाथरूमला जायचं तर आपल्या जागी उभी राहायला दुसरी बाई लागती, तिला रिलीव्हर म्हनतात, आन् सगळ्या लाइनीला रिलीव्हर एक. हात वर करून वाट बघायची, आन् लाइन लीडर तोंड वाकडं करनार, काय मावशी, परत? सगळ्यांच्या देखत. मग आमी काय करायचो, पानीच प्यायचो न्हाई. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी. नवी पोरगी आली की आमीच शिकवायचो, बाई, पानी जपून पी गं. आन् पाय दुखले की लाल गोळी. ती पाकिटं माझ्या पिशवीत असायची, कुनी बी मागावी, मी द्यावी, पुन्य लागल्यागत.

रेखा माझ्या बोर्डवर आली त्याला आता अकरा वरसं झाली. आकुर्डीच्या कामगार वस्तीत वाढलेली, बौद्ध घरातली, वडील मोठ्या कंपनीत परमनंट व्हते, म्हनून हिला वाटायचं कंपनी म्हंजे बोनस आन् सहल. इथं आली तर आमचं सगळं कॉन्ट्रॅक्टवर. तिचा नवरा विलास, कंपनीच्याच बसवर ड्रायव्हर. आन् एक लेक. रेखाचं बोलनं एकदम पुस्तकातलं, मी ‘न्हाई’ म्हनलं की ती म्हनायची, ‘न्हाई’ नाही गं शालन, ‘नाही’. मी म्हनायचे तुझं ‘नाही’ तुझ्यापाशी ठेव, टेप नीट मार, सुरकुती पडलीय. पहिल्यांदा ती आमच्या घरी आली तवा सासूनं तिच्यासाठी कप येगळा काढला. मला दिसलं, तिला बी दिसलं. ती चहा प्याली, तिनं कप स्वतः विसळला आन् सासूच्या कपाशेजारी पालथा घातला. पुढं बुद्धपौर्निमेची खीर आमच्याकडं डबा भरून यायला लागली, आन् सासूच म्हनायची रेखाची खीर आली का. मानसं अशी हळूहळू सुधारतात, काय सांगू तुमाला.

दोन वरसांमागं, उन्हाळा सरत आला व्हता, जेवनाच्या सुट्टीत रेखा बूट काढून बसली तर पाय हे एवढाले. मोज्याची कड पायात रुतलेली. मी अंगठ्यानं घोट्याच्या वर दाबलं तर खड्डा पडला आन् तसाच राहिला. आमी दोघी बघत बसलो. मग मी म्हनलं, आगं बया, तुझ्या पायात तर पीठ मळून ठेवलंय. हसलो आमी, बाजूच्या बाया बी हसल्या, एकीनं येऊन दाबून बघितलं. हसायची गोष्ट व्हती का ती? पन तवा वाटलं, उभ्याचं काम हाय, पाय सुजनारच. ती म्हनली लघवीला फेस पण येतो गं, आणि डोकं धरतं. मेडिकलवाल्यानं बीपी मोजून दिलं ते वाढलेलं निघालं व्हतं. मी म्हनलं दाखव डाक्टरला. ती म्हनली कॅम्प झाल्यावर दाखवीन.

कॅम्प म्हंजे वरसाची तपासनी. कॅन्टीनमधी टेबलं लावतात, रक्त, लघवी, बीपी, समदं बघतात, आन् त्यानंतर कॉन्ट्रॅक्ट पुढं चालू. आदल्या साली बीपीवरून दोघींना अनफिट म्हनून घरी बसवलं व्हतं, रेखानं ते डोळ्यानं बघितलेलं. तिची लेक नर्सिंग शिकायला लागलेली, एकट्या विलासच्या पगारावर कसं निभायचं. तपासनीच्या दिवशी सकाळी ती माझा हात धरून म्हनली, शालन, मी गेले आत तर बाहेर आल्यावर आपण एका बोर्डवर नसू.

मग काय केलं मी? डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात सगळ्यांचा निळा अॅप्रन, उंची आमची सारखी. टेबलावरची पोरगी नुसता पासवरचा नंबर बघायची, मान वर करायला तिला सवड कुठं. सकाळी माझ्या नंबरावर डावा हात दिला. चहाच्या सुट्टीनंतर, शेवटच्या घाईत, रेखाचा पास गळ्यात घालून गेले आन् उजवा हात दिला. ती पोरगी म्हनली, नाव? मी म्हनलं रेखा विलास, चुकले न्हाई, जीभ बी अडखळली न्हाई. बाटली भरून दिली, बीपी दिलं, सगळं तिच्या नावावर. परत आले तर रेखानं माझ्या जागंवर माझी बी टेप मारून ठेवली व्हती. घरी जाताना बसमधी आमी दोघी खिडकीशी बसून हसत व्हतो, परीक्षेत कॉपी करून आल्यावर पोरी हसतात ना, तसं. सासू म्हनायची झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटलं, झाकली.

आठ दिसांनी रिपोर्ट आला, फिट. खाली शिक्का. आन् ऐका, इथं खरी चूक झाली. खोटं आमी दोघींनीच केलेलं, दोघींना ठाऊक, तरी त्या कागदाचा इस्वास आमालाच बसायला लागला. कागदावर नाव तिचं, शिक्का डाक्टरचा, चांगला कागद. ती वस्तीतल्या डाक्टरकडं सूज दाखवायला गेली तर त्यो म्हनला रक्त तपासून घ्या. हिनं पर्समधून कागद काढून दिला, आत्ताच झालीय तपासणी, कंपनीत. का दिलास गं, मी मागनं इचारलं, तर म्हनली त्याने परत तपासलं असतं आणि कंपनीला कळलं असतं तर तुझी पण नोकरी गेली असती. डाक्टरनं कागद बघितला, म्हनला किडनी वगैरे उत्तम आहे, उभं राहून सुजतं, मीठ कमी खा. ती मीठ कमी खायला लागली. मला आठ महिने रोज दिसत व्हती ती, तोंड सकाळी सुजलेलं, दुपारी धाप. मी काय केलं? लाल गोळी दिली, ती किडनीला वाईट असती त्ये मागनं कळलं. ह्या हातानं. सुट्टी नको घेऊ, पगार जाईल, असं बी मीच म्हनलं.

एक दिवस बोर्डपाशी ती टेप हातात धरून खाली बसली. श्वास लागेना. ॲम्बुलन्समधी मी तिच्याबरोबर. पिंपरीच्या दवाखान्यात डाक्टरनं बाहेर येऊन सांगितलं, दोन्ही किडन्या कामातून गेल्यात, डायलिसिस सुरू करावं लागेल. विलासनं शर्टाच्या खिशातून तोच कागद काढला, प्लास्टिकमधी घालून ठेवलेला. म्हनला साहेब, आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट आहे, सगळं नॉर्मल आहे, बघा ना. डाक्टरनं कागद दोनदा वाचला, म्हनले, हा ह्यांचाच आहे का? इतक्या लवकर असं सहसा होत नाही. आधी कळलं असतं तर बरीच वर्षं सांभाळता आलं असतं. मी तिथंच उभी व्हते ताई. भिंतीला टेकून. तोंडाला माझ्या शब्द आला न्हाई.

पुढं त्या कागदानं अजून इपरीत केलं. विलासच्या मनात बसलं की बाईला काय न्हवतंच, दवाखान्यानंच मशीनला लावून किडनी बिघडवली. ज्याला त्याला कागद दाखवायचा. कुनीतरी जुन्नरकडच्या एका जडीबुटीवाल्याचं नाव सांगितलं, आन् ह्यानं ठरवलं डायलिसिस बंद करायचं, शुक्रवारी मशीनवर न नेता तिकडं न्यायचं. रेखा त्याला काय सांगनार? ती मला म्हनली, जाऊ दे, नेतोय तर नेऊ दे, तुझं नाव मी काढणार नाही. मी म्हनलं, मशीन चुकली तर मरशील गं. ती म्हनली, मग मरेन. असं म्हनून पांघरून तोंडावर घेतलं.

गुरुवारी दुपारी कंपनीची बस स्टँडला रिकामी उभी व्हती, विलास एकटाच स्टेअरिंगवर डबा खात व्हता. मी चढले. मी म्हनलं भाऊ, त्यो कागद फाडून टाका. ते रक्त रेखाचं न्हाई, माझं हाय. सगळं सांगितलं, नंबर, पास, उजवा हात, सगळं. त्यो घास हातात धरून राहिला. मला वाटलं मारील, मारावं असं बी वाटलं. त्यानं डबा बंद केला, बस चालू केली, मी आतच. एकटीला घेऊन गेटपर्यंत आनलं, दार उघडलं. मी उतरले. पन शुक्रवारी सकाळी रेखा मशीनवर व्हती, जुन्नरला न्हाई. त्यानंतर चार महिने त्यो माझ्याशी बोलला न्हाई, आन् मी म्हनते बरोबर केलं त्यानं.

मग मला एकच सुचलं. किडनी देते. आमचा रक्तगट एक, दोघी ओ पॉझिटिव्ह. विलासचा गट जुळत न्हवता, तिची आई म्हातारी, लेक तयार व्हती पन रेखा म्हनली लेकीच्या अंगाला कुणी हात लावला तर मी मशीनवर बसणारच नाही. मी घरात सांगितलं. हे म्हनले, तुझ्या मनावर एवढं वझं असंल तर दे. सासू, तीच कपवाली, म्हनली देऊन टाक गं, तुला कुठं दोन लागतात, एका तोंडाच्या जोरावर चाललंय तुझं. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं नात्यातल्या नाहीत, तर समितीपुढं जावं लागेल, मैत्री दाखवावी लागेल. मी म्हनलं दाखवते, काय दाखवू सांगा. पन आधी तुमच्या तपासण्या, म्हनली. त्या दिवशी माझ्या नावानं, माझ्या हातातनं, पयल्यांदा मी मन लावून रक्त दिलं. देवाला हात जोडले, घरी दिवा लावला, रेखानं तिच्या घरी बुद्धापुढं मेनबत्ती लावली.

रिपोर्ट आला. साखर. कॅम्पात न्हवती ती, आता तीनशेच्या वर. डाक्टर म्हनले बाई, तुमच्याच किडनीला जपा आता, तुम्ही देऊ शकत नाही. मी म्हनलं साहेब, परत बघा, अदलाबदल झाली असंल. ते म्हनले नाही, हे रक्त तुमचंच आहे. मी तिथं लहान पोरावानी रडले. खोटं व्हतं तवा शिक्का मारून चाललं, आता खरं द्यायला गेले तर चालेना. कुनाशी भांडू? लाइन लीडरशी भांडले असते, नवऱ्याशी भांडले असते. साखरेशी कसं भांडायचं सांगा. नावनोंदनी केलीय तिची, कुनी मेलेल्या मानसाची मिळाली तर मिळंल. म्हंजे कुनाच्या तरी घरात रडारड व्हायची वाट बघायची. तशी प्रार्थना तरी कशी करावी मानसानं.

तवापासनं मी घरात येडी झालीय म्हनतात. सगळ्यांचे घोटे दाबून बघते. हे टेम्पोवरनं आले की पयले पाय पुढं करतात, घे बाई, दाब एकदाचे. माझी लेक जेवता जेवता पाय टेबलाखालनं देती आन् हसती. सासूच्या पायाशी बसले की ती डोक्यावरनं हात फिरवती, आधी हे सुख न्हवतं, आधी मी आले की गॅसपाशी आन् तिथनं अंथरुनात. ह्यांच्या घोरन्यावर मी वीस वरसं चिडले, आता ऐकत पडून राहते, हाय मानूस शेजारी, श्वास चाललाय. सकाळी लघवीला गेले तरी हात जोडते, हसू नका, ज्याला व्हत न्हाई त्याला इचारा. पन मी म्हनते, एवढी अक्कल यायला रेखाचं आयुष्य कशाला लागावं? मला अशी महागाची अक्कल नको व्हती.

लाइनवर मी आता पानी पिते. भांडून पिते. बाटली बोर्डाला लटकवलीय, हात वर करून उभी राहते, लीडर तोंड वाकडं करतो, मी म्हनते कर, तुझं तोंड हाय. चार पोरी माझं बघून प्यायला लागल्यात. बाकीच्या अजून भरलेल्या बाटल्या घरी नेतात. कॅम्पात काय झालं ते मी कंपनीत सांगितलेलं न्हाई. भ्याले. तुमी नावं बदला न्हाईतर राहू द्या, आता मला कळत न्हाई काय बरोबर.

मंगळवार आन् शुक्रवार रेखाचं डायलिसिस. मी दुसरी शिफ्ट मागून घेतली, सकाळी तिच्याबरोबर पिंपरीला जाते, चार तास बसते, तिथनं कामाला. विलास एवढंच इचारतो, शुक्रवारी येणार ना. मी म्हनते व्हय भाऊ. तेवढं तरी बोलतो. रेखा वाळून काटकी झालीय, हाताला जिथं सुया लावतात तिथं नस दोरीवानी फुगलीय. पन बोलनं तेच, ‘न्हाई’ नाही, ‘नाही’. दिवसाला पानी तिला मोजून दोन पेले, जास्त प्यालं तर छातीत भरतं. गेल्या उन्हाळ्यात पिंपरीवरनं परत येताना चाकनच्या चौकात ट्रॅफिकमधी बस अडकली तासभर, तिच्या घशाला कोरड, ओठ चिकटलेले. माझ्या पिशवीत भरलेली बाटली. ती बाटलीकडं बघून म्हनली, एक घोट दे ना शालन. तिचे दोन पेले सकाळीच संपलेले. मी न्हाई म्हनलं. ती म्हनली, अगं एकच. मी बाटली पिशवीच्या तळाला घातली, वर साडी कोंबली आन् खिडकीबाहेर बघत राहिले. एवढी वरसं आमच्याकडं पानी व्हतं आन् आमी प्यालो न्हाई. थोड्या वेळानं तिनंच माझ्या मांडीवर हात ठेवला, म्हनली, रडू नको, डोळ्यातलं पाणी पण वाया घालवतेस.

मागच्या मंगळवारचं सांगते आन् उठते, शिफ्टची येळ झाली. ती मशीनवर पडलेली, एक हात नळ्यांना बांधलेला. मी निघाले तर म्हनली, थांब, चप्पल काढ. पाय वर ठेव, इथं, पलंगावर. मी म्हनलं नर्स वरडंल. ती म्हनली ओरडू दे. मी पाय ठेवला. तिनं मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं माझ्या घोट्याच्या वर दाबलं, तिच्यात ताकद न्हाई, तरी व्हतं न्हवतं तेवढं लावून दाबलं, आन् अंगठा काढून वाकून बघत राहिली. मी बी बघत राहिले. खड्डा भरून आला.

तिनं माझा पाय हळूच खाली सारला आन् म्हनली, भरला बघ. जा आता कामाला. आणि पाणी पी.